घर कोरडं ठेवा: पहिल्यांदाच घर सांभाळणाऱ्यांसाठी सफाईचा क्रम

पहिल्यांदा एकटीने घर सांभाळायला घेतलं तेव्हा मी सफाईच्या बाटल्यांची अख्खी फळी भरली. फरशीची वेगळी, काचेची वेगळी, ओट्याची वेगळी, शिवाय 'सर्व पृष्ठभागांसाठी' असं लिहिलेली आणखी एक. तीन महिन्यांत घरभर लिंबाचा घमघमाट सुटला आणि बाथरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. सुवास येतोय म्हणजे घर स्वच्छ आहे, ही माझी समजूत त्या कोपऱ्याने मोडली.

माणसाला आजारी पाडणारं जे काही घरात राहतं, त्यातल्या बहुतेकांना ओल लागते. जिवाणू ओल्या घासणीत वाढतात, बुरशी ओल्या भिंतीवर. गादीतले माइट, म्हणजे धुळीतले अतिसूक्ष्म किडे, हवेतल्या दमटपणावर जगतात, झुरळं रात्री सिंकमध्ये पाण्याला येतात, डास साचलेलं पाणी शोधतात. तेव्हा हे वाचून एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती ही: जे धुवाल, पुसाल, ते तिथल्या तिथे कोरडंही करा.

दुसरी गोष्ट वेळेची. अख्खं घर रोज जंतुनाशकाने पुसत बसण्यात काही हशील नाही. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी दाखवलं, की मोठ्या कुटुंबात वाढलेल्या मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी होते. लहानपणीचा संसर्ग ॲलर्जीपासून वाचवत असेल का, अशी शंका त्यांनी मांडली आणि तेव्हापासून 'थोडी घाण बरी असते' म्हणायची टूम निघाली. पुढे अभ्यासकांचा कल बदलला. शरीराच्या प्रतिकारशक्तीला वळण लावणारे सूक्ष्मजीव माती, झाडं, प्राणी, आपली माणसं यांच्याकडून येतात. त्यासाठी जुलाबाच्या जंतूंची शिकवणी लावावी लागत नाही. म्हणून सगळीकडे सारखं घासण्यापेक्षा जंतू एका जागेहून दुसरीकडे जाण्याचे क्षण पकडा: शौचानंतर, स्वयंपाकाआधी, कच्चं मांस हाताळल्यावर, बाळाचं डायपर बदलल्यावर, घरात कोणी आजारी असताना. शोकेसवर आठवडाभर धूळ राहिली तर कोणी मरत नाही.

पायरी १: सामान, आणि थोडं रसायनशास्त्र

भांडी घासायचं लिक्विड, खाण्याचा सोडा, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, साध्या ब्लीचची (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची) एक छोटी बाटली. सात-आठ मायक्रोफायबरची फडकी, दोन बादल्या, एक ताठ केसांचा ब्रश, रबरी हातमोजे आणि रबरी पट्टीचा वायपर. सुरुवातीला एवढं पुरतं. शेवटच्या वस्तूला कमी लेखू नका, बाथरूममध्ये तीच सगळ्यात जास्त कामाला येते.

घरातले डाग मुख्यतः दोन जातींचे असतात. तेलकट, ओशट डाग आम्लारीने निघतात, म्हणजे साबण, सोडा. नळावर, शॉवरवर, काचेवर साचणारे पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे असतात. ते साबणाने कितीही घासा, हलत नाहीत. तिथे आम्ल लागतं, म्हणजे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने पुसा. मात्र संगमरवर हाच मुळात क्षारांचा दगड, कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर व्हिनेगर पडलं की दगडच विरघळायला लागतो आणि चकाकी कायमची जाते. तसंच ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नका, ती काळी पडतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. दिसायला झकास. पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून टाकतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हातात उरतं किंचित खारट पाणी. दोन्ही वस्तू गुणी आहेत, पण वेगवेगळ्या वापरल्या तरच.

पायरी २: काय कधीच एकत्र करायचं नाही

एकदा संडासात टॉयलेट क्लीनर ओतलेला होता, डाग जाईना म्हणून त्यावर मी ब्लीच ओतलं. दोन जोरकस गोष्टी मिळून काम दुप्पट होईल असा हिशोब. काही क्षणांत घसा आवळला, डोळ्यांतून धारा लागल्या. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. मी दार उघडं टाकून पळाले, नशीब म्हणायचं. खोकला मात्र दोन दिवस पुरला.

तेव्हा हे पाठच करा. ब्लीचमध्ये आम्ल नको: टॉयलेट क्लीनर नको, व्हिनेगर नको. अमोनिया नको, तो काच पुसायच्या काही द्रवांमध्ये असतो; त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझरही नको. ब्लीचमध्ये फक्त थंड पाणी घालायचं. चुकून मिसळलंच तर 'आधी धुऊन टाकते, मग जाते' असा शूरपणा करू नका. बाहेर पडा, जाता जाता खिडकी हाताशी असेल तर उघडा, वास पूर्ण गेल्यावरच आत या. श्वासाला त्रास होत राहिला तर डॉक्टर गाठा.

आणि ही द्रावणं पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवू नका. लेबल असलेल्या मूळ बाटलीतच, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

पायरी ३: खोली झाडण्या-पुसण्याचा क्रम

आधी समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघडा. मग पसारा उचला. पसाऱ्याभोवतीने फडकं फिरवणं म्हणजे सफाईचं नाटक. त्यानंतर वरून खाली या: छताची जळमटं, पंखा, कपाटाचा माथा, खिडक्यांच्या कडा, टेबलं आणि सगळ्यात शेवटी जमीन. उलट केलंत तर जमीन दोनदा काढावी लागेल. कोरडं काम आधी, ओलं नंतर. धुळीवर थेट पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि तो आपण खोलीभर सारखा पसरवतो.

धूळ कोरड्या फडक्याने झटकू नका. बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात आणि मग पुन्हा तिथेच बसतात, किंवा तुमच्या छातीत. फडकं जेमतेम ओलसर करून पुसा. त्याची दोनदा घडी घाला, म्हणजे पुसायला आठ बाजू मिळतात. एक मळली की उलटा. मळलेल्याच बाजूने पुढे पुसत गेलात तर ती निव्वळ वाटणी झाली. फडक्यांचे रंगही ठरवून टाका. माझ्याकडे लाल संडासाचं, हिरवं स्वयंपाकघराचं, निळं बाकी घराचं. पाहुणे मदतीला आले की हिरव्या फडक्याने बेसिन पुसतात ही गोष्ट वेगळी.

फरशीसाठी दोन बादल्या: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत मॉप धुवायचं साधं पाणी. सुरुवात दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून करा आणि मागे सरकत दाराकडे या. पाणी गढूळ झालं की बदला. मॉप घट्ट पिळा, फरशीवर पाण्याचे ओघळ राहता कामा नयेत. साबण मोजूनच घाला, जास्त घातलात तर फरशी चिकट होते आणि दुप्पट धूळ धरते.

स्प्रेबद्दल थोडं सांगते. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात किंवा नोकरीत नियमित सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतरांपेक्षा वेगाने घटलेली त्यांना दिसली. एका अभ्यासावरून घाबरून जाऊ नका, पण सवय बदलणं सोपं आहे: हवेत फवारण्याऐवजी द्रव थेट फडक्यावर घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा. घरात कोणाला दमा असेल तर हे टाळूच नका.

पायरी ४: स्वयंपाकघर

सफाईला एकच तास मिळाला तर तो इथे घालवा.

सगळ्यात मळकी वस्तू बहुधा तीच, जिने तुम्ही सगळं स्वच्छ करता. स्पंज दिवसभर ओला असतो, त्याच्या छिद्रांत अन्नाचे कण अडकतात आणि खोलीचं तापमान जिवाणूंना मानवतंच. वापरून झाला की धुवा, पिळा आणि हवा खेळेल असा उभा ठेवा. साबणाच्या डबीत लोळत ठेवू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी बदला, वास यायला लागला तर त्याच दिवशी. ओट्याचं फडकं रोज धुऊन वाळत घाला. सुती असेल तर अधूनमधून दहा मिनिटं उकळवा.

कच्चं मांस, मासे यांच्यासाठी चॉपिंग बोर्ड वेगळा ठेवा आणि कच्चं खायच्या भाज्या-फळांसाठी वेगळा. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकमध्ये, शेजारच्या भांड्यांवर आणि तुमच्या कपड्यांवर जातात. नीट शिजवल्यावर ते तसेही मरणार असतात. हे सांगितलं की पुष्कळजण नाक मुरडतात, वर्षानुवर्षांची सवय अशी सहज सुटत नाही. अगदीच राहवत नसेल तर भांड्यात पाणी घेऊन हळूच बुचकळा आणि नंतर सिंक साबणाने घासा.

बोर्डावर सुरीच्या खोल चरा पडल्या की तो टाकून द्या. चरांमधली ओल आतपर्यंत सुकत नाही.

फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी, फ्रीजरचं उणे १८. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मोठ्या पातेल्यातलं अन्न लवकर निवत नाही; उथळ डब्यांत वाटून मग फ्रिजमध्ये ठेवा. कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकून, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. तिथे काळी रेघ दिसली तर ती बुरशी आहे.

झोपण्याआधी: ओटा पुसलेला, सिंक रिकामं आणि फडक्याने कोरडं केलेलं, कचऱ्याचा डबा झाकलेला. झुरळांना उपाशी ठेवणं कठीण, एका खरकट्या कणावर त्यांचं भागतं. पाण्यावाचून मात्र त्यांचं फार दिवस चालत नाही. सिंकखालचा ठिबकणारा नळ दुरुस्त करून घेतलात तर पेस्ट कंट्रोलवाल्याला निम्म्या वेळा बोलवावं लागेल, हा माझा स्वतःचा अनुभव.

पायरी ५: बाथरूम आणि संडास

संडासात क्लीनर कडेच्या आतून फिरवून ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. काम द्रवाला करू द्या, मग ब्रश. नवखे लोक इथे घाई करतात आणि मनगट दुखवून घेतात. मधल्या वेळात फ्लशचं बटण, दाराची कडी, दिव्याचं बटण ओलसर फडक्याने पुसा. भांडं कितीही चमकवलंत तरी हात लागतो तो या जागांना. बटणावर मात्र थेट काही फवारू नका, वीज आहे.

झाकण लावून फ्लश करा, असं सगळेच सांगतात. मीही करते, शिंतोडे तरी अडतात. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात झाकण लावल्याने विषाणूंच्या फैलावात फारसा फरक पडला नाही. भांडं जंतुनाशक घालून घासल्याने पडला. म्हणून टूथब्रश कमोडपासून लांब ठेवा आणि झाकणावर फार विसंबू नका.

आता ओल. आंघोळ झाली की वायपरने भिंती आणि जमिनीवरचं पाणी ओढून काढा; दोन मिनिटांचं काम. एक्झॉस्ट फॅन पुढे वीस-तीस मिनिटं चालू ठेवा, नसेल तर खिडकी उघडा. टॉवेल गोळा करून टांगू नका, पूर्ण पसरा. घरातल्या हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहिली तर बुरशी आणि माइट दोघांचीही पंचाईत होते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दमट घर असेल तर घ्यावं.

बुरशी धरलीच असेल तर पुसण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गळका पाइप, भिंतीची भेग, कपाटामागे कोंडलेली हवा. हे सोडून नुसती बुरशी घासलीत तर ती महिन्याभरात परत येते, आणि माझ्याकडे ती तीनदा आली. टाइल्ससारख्या गुळगुळीत जागेवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते. मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. पोपडे आलेला रंग, फुगलेलं प्लायवुड, भिजलेलं छत यांच्यात ती खोलवर उतरलेली असते, तिथे ब्लीच वरचा रंग तेवढा उडवतं. तो भाग खरवडून किंवा काढूनच टाकावा लागतो. बुरशीवर थेट रंग मारणारे कारागीर भेटतील, त्यांना थांबवा. पाणी सांडलं, गळलं, गालिचा भिजला तर २४ ते ४८ तासांत वाळवा. त्यानंतर बुरशी धरायला लागते.

काही दिवस घर बंद असेल तर परतल्यावर नळ आणि शॉवर काही मिनिटं सोडून द्या. साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात.

पायरी ६: अंथरूण

धुळीतले माइट पाव-एक मिलीमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कणांवर जगतात. ॲलर्जी आणि दमा चाळवतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा धुवा, कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. त्यात माइट मरतात. पाणी एवढं गरम करता येत नसेल तर धुऊन कडक वाळवा. मुलांची मऊ खेळणी पिशवीत घालून एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा, कारण मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा आपोआप नाहीशी होत नाही.

सकाळी उठल्या उठल्या अंथरूण चापूनचोपून घालू नका. रात्रभराचा घाम आत कोंडतो. पांघरूण मागे सारा, तासभर हवा लागू द्या. आळशांसाठी घरकामातली ही एकमेव चांगली बातमी.

पायरी ७: घरात कोणी आजारी पडलं तर

ब्लीचची बाटली आता बाहेर काढायची. उलटी-जुलाबाच्या साथीतला नोरोव्हायरस पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. हातमोजे घालून आधी घाण कागदाने टिपून पिशवीत बांधा, मग जागा साबणाने धुवा. हा टप्पा गाळू नका: ब्लीचची ताकद घाणीशी झगडण्यातच संपते, जंतूंपर्यंत ती पोचत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर थंड पाण्यात २० मिलिलिटर घ्या. जागा या द्रावणाने ओली करा आणि दहा मिनिटं ओलीच राहू द्या. मग साध्या पाण्याने पुसून कोरडी करा. द्रावण रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

आजारी माणसाचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा. त्याच्या चादरी झटकू नका, गुंडाळून थेट धुवायला टाका.

बाकी हात. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजायचा होता. आपल्याला साधा साबण आणि वीस सेकंद पुरतात. नखांची टोकं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा हमखास राहून जातात. हात पुसूनच थांबा, ओल्या हातांना जंतू जास्त सहज चिकटतात. साबण नसेल तेव्हा किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर.

रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं

रोज ओटा, सिंक, बाथरूमची जमीन. दर आठवड्याला चादरी, संडास, फरशी, मोबाइल आणि रिमोट. महिन्यातून एकदा फ्रिज आणि वॉशिंग मशीन: रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर चालवा, दाराच्या रबराच्या घडीतला बुळबुळीत थर पुसा, आणि एरवीही कपडे काढल्यावर दार उघडं ठेवा.

आठवड्याच्या यादीत एक काम हमखास विसरलं जातं: कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, उघड्या बादल्या. डेंग्यूचा एडिस डास अंड्यातून उडण्याजोगा व्हायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून ही भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून आतून घासायचं.

शेवटी सामान आवरताना मॉप ओल्या बादलीत उभा करून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी तोच वास फरशीला लागतो. धुवा, पिळा आणि डोकं वर करून टांगा. संडासाचा ब्रश डब्यात ठेवण्याआधी सीट आणि भांड्याच्या मध्ये आडवा दाबून दहा मिनिटं निथळू द्या. बादल्या पालथ्या घाला. हातमोजे आतून ओले असतील तर उलटे करून वाळवा.